तू सांग, कुठं जायचं

टाचणी गंजली होती. कागदावर तिच्याभोवती तपकिरी वर्तुळ उमटलं होतं, आणि त्या वर्तुळाच्या खालीच वेळापत्रकातले ते चार कोरे चौकोन. गुरुवार ते रविवार, दसऱ्याची सुट्टी. तीन वर्षांत क्लासवाल्यांनी सलग चार दिवस कधी सोडले नव्हते, त्यामुळे पोळी तव्यावर करपायला आली तरी दीपमाला लाटणं हातात धरून तिकडेच बघत राहिली.

सकाळी भोकरहून हरिओमचा फोन आला होता. "चार दिवस सुट्टी हाय ना आरतीला? मग जाऊ कुठं तरी तिघं. लई दिवस झाले. तू सांग, कुठं जायचं ते. चारपर्यंत सांग, गाडीवाल्याला कळवायचंय."

तू सांग! मुलीला डॉक्टर करायचं म्हणून लातूरला रूम केली. आई मुलीपाशी, बाप भोकरला बियाण्याच्या दुकानापाशी. या ट्यूशन एरियात अशा आया गल्लोगल्ली आहेत. पिठाच्या गिरणीवर एकमेकींना मुलांचे मार्क विचारतात, नवऱ्याचं कुणी विचारत नाही. दोन वर्षं म्हणता म्हणता तीन झाली... आणि आज, एकवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, तू सांग. ती सुखावली होती, खोटं कशाला बोला. आणि घाबरलीही होती. सहलीचं काय एवढं, पण या माणसात आणि आपल्यात अजून काही उरलंय की नाही ते या चार दिवसांत कळणार होतं.

माहूर? नवरात्रात तिथं पाय ठेवायला जागा नसते, आणि बसून बसून आरतीचे गुडघे धरलेत. सहस्रकुंडाला यंदा पाणी भरपूर आहे म्हणतात, पण धबधब्याच्या आवाजानं आरतीचं डोकं उठेल. किनवटकडच्या जंगलात मोबाइलला रेंज नाही, मग आरतीची ऑनलाइन टेस्ट... बिदरचा किल्ला बरा, पण ऑक्टोबरचं ऊन बाधतं — कुणाला? आरतीलाच. आणि मला? मला कुठं जावंसं वाटतं? तिनं सगळीकडे शोधून पाहिलं, भांड्यांत हात घालावा तसं, आणि हाताला लागली फक्त लग्नानंतरची पहिली दिवाळी — किनवटच्या रेल्वेगाडीच्या दारात दोघं पाय सोडून बसलेली, बाजूनं सागाचं रान पळतंय, तो ओरडून काहीतरी सांगतोय, वाऱ्यात एक अक्षर कळत नाही आणि तरी ती हसतेय, पोट दुखेस्तोवर हसतेय. काय सांगत होता तो? विचारायचं राहूनच गेलं.

एक वाजता आरती आली. ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "मम्मी, मी नाही येणार हं. रिव्हिजन राहिलंय. कशिशसोबत लायब्ररीत बसते चारही दिवस. तुम्ही दोघं जा ना."

"आम्ही दोघं?"

"हाव. त्यात काय?"

त्यात काय... पोरीचंही खरं होतं. आरती परत गेली, आणि दीपमालानं ताटं तशीच ठेवून मनातल्या मनात बिदरच्या किल्ल्यात स्वतःला आणि त्याला बसवून पाहिलं. कठड्यावर तो, शेजारी ती. जेवली का? — हाव. टेस्टला किती आले? — इतके इतके. तीन वर्षं रोज फोनवर हे दोनच प्रश्न. ते तर गाडीतच संपतील. मग पुढचे चार दिवस? आणि लॉजची खोली — तीन वर्षं ती आरतीच्या कॉटजवळ खाली सतरंजीवर झोपतेय, आता त्याच्या शेजारी झोपायचं म्हटलं तर परक्या घरी मुक्कामाला गेल्यासारखं अंग चोरून पडावं लागणार. माहूरला तेच. सहस्रकुंडाला तेच. आरतीला मधून काढलं की एकही जागा उरत नव्हती. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तेही आलं नाही.

चारला फोन आला.

"ठरलं का मग?"

"सुट्टी नाही म्हणे. रद्द केली क्लासवाल्यांनी." इतकं सफाईनं खोटं बोलता येतं हे तिला ठाऊक नव्हतं.

"रद्द?"

"हाव."

त्याच्या मागून ट्रॅक्टर गेला. "बरं," तो म्हणाला. "हरभऱ्याचं बियाणं येऊन राहिलं गुरुवारी. मी उतरवून घेतो मग."

"घ्या."

"जेवली का तू?"

"जेवले."

फोन ठेवल्यावर ती ते 'बरं' मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहू लागली. जड म्हणून पाहिलं, हलकं म्हणून पाहिलं. दोन्ही त्याचंच वाटत होतं. त्याला वाईट वाटलं, की तोही सुटला? पूर्वी दारात चपला काढायचा त्या आवाजावरून तिला कळायचं, आज याचं काय बिनसलंय ते. आणि आज शब्द न् शब्द स्पष्ट ऐकूनही काही कळलं नव्हतं. त्याला वाईटच वाटलेलं असावं, असं तिला फार, फार वाटत होतं. लगेच फोन लावून विचारावं... पण इतक्या वर्षांनी काय म्हणून सुरुवात करायची, ते तिला सुचेना.