तिनं न प्यायलेलं पाणी

मित्रांनो, मी रांजण आहे. जुना, काठाचा टवका उडालेला. आता मी कुठे उभा आहे ते आधीच सांगितलं तर नाक मुरडाल, म्हणून ते शेवटी सांगतो.

मला नानाजी कुंभारानं घडवलं. मातीत त्यानं राख आणि भुसा भरपूर मळला. गिऱ्हाईक कुरकुरलं, "हा तं पाझरून राहिला." नानाजी म्हणाला, "पाझरला नाही तं पाणी थंडं काहून होईन गा?" ते गिऱ्हाईक म्हणजे चंपतराव, लकडगंजच्या एका लाकूड कापायच्या आरा मशीनवरचे मुकादम. मशीनच्या मागच्या वस्तीत त्यांचं घर होतं. घराच्या छपरीत, दाराशी, वाळूवर मला बसवलं. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या उन्हाळ्यात माझी काय मिजास होती म्हणून सांगू! हमाल येत, गडवा बुडवून घटाघटा पीत आणि विचारत, "मुकादम, बर्फ टाकता काय?" मी फुगून जायचो.

मला भरायची प्रेमिला, चंपतरावांची सून. नळावरून घागरीवर घागरी आणून ती मला काठोकाठ भरायची आणि स्वतः दिवसभर घोटभरही प्यायची नाही. सासूनं, भागीरथाबाईंनी, लग्नानंतर लगेच शिकवलं होतं, "उजाडाच्या आधी पे, मंग दिवस बुडल्यावर पे. मंधात पेशील तं जाशील कुठं वं?" त्यांनाही त्यांच्या सासूनं हेच शिकवलं होतं. वस्तीतल्या साऱ्या बायका अंधारातच नाल्याकडे जात.

मग वस्तीत संडास नव्हते का? होते ना! चंपतरावांनीच खेटे घालून मंजूर करून आणले होते. सिमेंटचे, टिनाच्या दारांचे, ओळीनं पाच. आमच्या छपरीसमोर सागाचे ओंडके पडलेले असत आणि त्यांवर पुरुषमाणसं दिवसभर बसत. दारं बरोबर त्या ओंडक्यांकडे केली. चंपतराव म्हणाले, "डोळ्यासमोर राहू द्या. टिन चोरीले जाणार नाही, कोणी घाणही करणार नाही." सगळ्यांना पटलं. बायकांना कुणी विचारलं नाही. हातात टमरेल घेऊन सासऱ्यासमोरून, जेठासमोरून दिवसाढवळ्या कोणती सून जाईल? संडास पुरुषांचे झाले. चंपतराव वाईट माणूस नव्हते हो. त्यांना ते सुचलंच नाही, आणि त्याचाच मला अजून राग येतो.

नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ दिवसांत, आमच्याकडे ऊन अंगावर येतं. दुपारी भांडी घासून झाली की प्रेमिला माझ्याजवळ टेकायची आणि माझ्या ओल्या पोटाला गाल लावून, डोळे मिटून बसायची. आत पाणी, बाहेर तिचा गाल, मध्ये बोटभर माती. गडवा वर पालथाच असायचा.

एका दुपारी तिनं असाच गाल लावला आणि तो हळूहळू खाली घसरत गेला. भागीरथाबाई धावत आल्या. त्यांनी गडव्यानं तिच्या तोंडात पाणी ओतलं, ते ओठांवरून वाहून गेलं. लोक म्हणाले, ऊन लागून गेली. मी काठोकाठ भरलेला होतो.

त्यानंतर भागीरथाबाई रोज दुपारी गडवा भरून प्रेमिलाच्या जागेवर ठेवू लागल्या. संध्याकाळी पाणी थोडं खाली गेलेलं असे. "पेली वं माय," असं त्या पुटपुटायच्या. चंपतराव एकदा म्हणाले, "उन्हानं आटते ते." भागीरथाबाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. आणि मी तरी काय सांगणार? माझ्या अंगावर सगळीकडे पांढरे क्षार चढले, पण तिच्या गालाएवढी जागा कोरी राहिली. दुपार झाली की तिथं भार यायचा. छपरीत कुणी नसायचं, तरी यायचा.

मग पाऊस लागून बसला. हवा ओली झाली आणि गडव्यातलं पाणी हलेना. रोज संध्याकाळी गडवा होता तसा भरलेला. भागीरथाबाईंचं जेवण सुटलं. एका दुपारी त्या गडव्यासमोर मांडी घालून बसल्या. "आता काहून नाही पेत वं? मी मना केलं म्हून?"

प्रेमिलाची लहानगी शामला दारातून पाहत होती.

भागीरथाबाईंनी तो गडवा उचलला आणि भर दुपारी एका दमात रिकामा केला. आणखी एक भरला, तोही प्यायल्या. थोड्या वेळानं झड थांबली, पुरुष ओंडक्यांवर येऊन बसले, तशा त्या टमरेल घेऊन सरळ त्यांच्यासमोर गेल्या. चंपतराव उठले.

"घरी चाल. लोकं पाहून राहिले."

"तेच सांगाले आली," भागीरथाबाई म्हणाल्या. "लोकं पाहून राहिले म्हून तुमची सून तहानेली गेली. उद्या शामला मोठी होईन. तिले मी काय शिकवू, तुमीच सांगा."

त्या आत गेल्या आणि टिनाचं दार लावून घेतलं. पुरुष एकेक करून उठून गेले. चंपतराव मात्र पाठ फिरवून तिथंच उभे राहिले, त्या बाहेर येईपर्यंत.

पाऊस उघडल्यावर तीन संडास बायकांना मिळाले. त्यांची समोरची दारं विटांनी बुजवली आणि मागच्या बाजूला, मशीनच्या भिंतीकडे, नवी फोडली. पहिला घण चंपतरावांनी घातला. पुढच्या उन्हाळ्यापासून दुपारभर माझ्या काठाशी बांगड्या वाजू लागल्या. शामला खेळून आली की आजी तिला जवळ ओढायची, "पे, पोट भरून पे." प्रेमिलाच्या जागेवरचा गडवा मात्र त्यांनी कधी बंद केला नाही.

पुढे घरात नळ आला, स्टीलची टाकी आली, माझा काठ फुटला. मी उकिरड्यावरच जायचो. पण भागीरथाबाईंनी मला बायकांच्या संडासाच्या दाराशी नेऊन ठेवलं, वापरायच्या पाण्यासाठी. मी अजून तिथंच आहे. मुरडा आता नाक! भर उन्हात पोरी येतात, माझ्यात टमरेल बुडवतात, निर्धास्त जातात. आणि कुणी नसलं की त्या कोऱ्या जागेवर गाल टेकतो. मी पाझरत राहतो, दुसरं मला काही येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी पाणी भरणारी ते पिते का, एवढं बघा. पीत नसेल, तर तिला "पाणी पी" म्हणून सांगत बसू नका. आधी बाहेर जा आणि दार कुणीकडे उघडतं ते पाहून या.