आधी आपल्या वाफ्यावर

मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे. जुना म्हणालो, निकामी म्हणालो नाही. मित्रांनो, हा फरक नीट ध्यानात ठेवा, कारण तो न कळल्यामुळेच मला एकदा भंगारात घालायला निघाले होते. गुन्हा माझा नव्हता. तो मी तेव्हा कबूल केला नाही आणि आजही करणार नाही.

माझी टाकी एका कारागिराने पत्रा ठोकून, सांधे झाळून बनवली. तिला दांडा बसवला, रबरी नळी जोडली, आत काठोकाठ पाणी भरलं आणि मला खुंटीला टांगून ठेवलं. खाली एक थेंब जरी पडला असता तरी त्याने मला पुन्हा झाळायला घेतलं असतं. थेंब पडला नाही. तेव्हापासून माझी मान ताठ आहे.

आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या आणि फुलवाल्यांच्या गटाने मला घेतलं. गटाची एक पत्र्याची शेड होती. तिथे छाटणीच्या कात्र्या, वजनकाटा, पेरणीचं यंत्र अशी सगळ्यांच्या मालकीची अवजारं असत आणि ज्याला जे लागेल ते तो घेऊन जाई. मिस्त्री आमची देखभाल करायचे. टोमॅटो, मका, गुलाब, शेवंती, सगळ्यांच्या रांगांतून मी हिंडलो. कोण औषध मोजून घालतो आणि कोण ‘अंदाजे’ घालतो, हे त्यांच्या बायकांना ठाऊक नसेल एवढं मला ठाऊक आहे. माझा फवारा धुक्यासारखा बारीक पडतो म्हणून लोक माझ्यासाठी खोळंबून राहायचे.

पुढे बॅटरीवरचे पंप आले. ते दिसायला गोंडस आणि वजनाला हलके होते. मी कोपऱ्यात गेलो. बॅटरी उतरली की मात्र सगळ्यांना माझी आठवण व्हायची. मला त्याचा राग यायचा, पण कामाला मी कधी नाही म्हटलं नाही.

अशाच एका दिवशी गटाचे अध्यक्ष तात्या मला घेऊन गेले. त्यांच्या मक्यात तण माजलं होतं. त्यांनी माझ्यात तणनाशक भरलं. हे औषध मक्याला काही करत नाही, पण शेवंती, टोमॅटो अशा रुंद पानांच्या झाडांचा काळ असतं. काम झाल्यावर तात्यांनी टाकीत पाणी घातलं, खळखळ केलं आणि ओतून दिलं. नळीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

शेडच्या दारातच त्यांना शेवंतीकाकू भेटल्या. काकूंच्या वाफ्यातली शेवंती आमच्या भागातली सगळ्यात चांगली. पुढच्या हंगामाची रोपं सगळे त्यांच्याकडूनच न्यायचे.

“तात्या, पंप धुतलाय ना? मला लगेच माव्यावर मारायचंय.”

“धुतलाय हो वहिनी. बिनधास्त न्या.”

माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणाच्या? काकूंनी माझ्यात माव्याचं, म्हणजे शेंड्यांवरच्या बारीक किडीचं, औषध भरलं आणि सगळा वाफा फवारला. नळीत तणनाशक उरलंय हे मला आतून कळत होतं, पण मला दांडा आहे, जीभ नाही.

काही दिवसांत शेवंतीचे शेंडे पिळवटले. पानं द्रोणासारखी वळली, कळ्या वाकड्या झाल्या. काकू वाफ्याच्या कडेला बसून राहिल्या. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

गटाची माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं रोग आहे, कुणी म्हणालं पाणी वाईट. तात्यांनी मात्र खापर माझ्यावर फोडलं.

“पंपच बाधला. जुनं पितळ आहे, कळकतं. देऊन टाका भंगारात, म्हणजे सुटलो.”

मिस्त्री चाचरत म्हणाले, “तात्या, पितळानं शेंडे असे पिळवटत नाहीत.” पण अध्यक्षांपुढे कोण बोलणार? पुढच्या बैठकीला भंगारवाल्याला बोलवायचं ठरलं. आयुष्यभर राबून शेवटी बदनाम होऊन वितळायचं, या विचाराने माझा संताप झाला.

काकू मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या. “तोवर पंप माझ्याकडे राहू दे,” एवढंच म्हणून त्या मला घरी घेऊन गेल्या. त्यांनी घेवड्याची रोपं दोन ट्रेमध्ये लावली होती. घेवडा भारी नाजूक असतो, तणनाशकाचा वास लागला तरी माना टाकतो. काकूंनी मला न धुता साधं पाणी भरलं आणि पहिल्या ट्रेवर फवारलं. मग टाकी, नळी, नोझल सगळं सुटं केलं, सोड्याच्या पाण्यात भिजत घातलं, पुन्हा पुन्हा धुतलं आणि परत साधं पाणी भरून दुसऱ्या ट्रेवर फवारलं.

बैठकीच्या दिवशी त्यांनी दोन्ही ट्रे तात्यांसमोर ठेवले. एकात रोपं मुरगळली होती, दुसऱ्यात ताठ उभी होती.

“दोन्हींवर साधं पाणीच मारलंय, तात्या. पंपही हाच. हा ट्रे तुम्ही दिलात तशा पंपाचा. हा मी धुतला त्याचा. आता सांगा, बाधलं कोण?”

तात्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. भंगारवाला आपला वजनकाटा उचलून निघून गेला.

“मला भांडायचं नाही,” काकू म्हणाल्या. “पण यापुढे पंप परत करायचा तर आत स्वच्छ पाणी भरायचं आणि ते आधी आपल्याच घरच्या भाजीवर मारायचं. मगच शेडमध्ये आणायचा.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. तात्यांनाही डोलवावी लागली.

काकूंचा तो वाफा काही वाचला नाही. त्यांनी शेजारच्या गावाहून रोपं आणून नव्याने सुरुवात केली. तेव्हा मित्रांनो, सत्य जिंकलं वगैरे मी म्हणणार नाही. मला जपा, पुसून कपाटात ठेवा, अशी गयावयाही करणार नाही. मला धुवा. नळीसकट धुवा. आणि धुतला असं म्हणायचं असेल, तर ते स्वतःच्या वाफ्यावर म्हणा.

पुढच्या हंगामात तात्यांनी मला पुन्हा मक्यात नेलं. संध्याकाळी टाकी विसळून, आत स्वच्छ पाणी भरून ते शेडकडे निघाले, तर अंगणात त्यांची बायको, माई, उभी होती. तिच्या मागे तिचा टोमॅटोचा वाफा होता, नुकताच फुलावर आलेला.

“झाला धुऊन?” माईने विचारलं.

“झाला की.”

“मग मारा इथे.”

तात्यांनी मला पाठीवर घेतलं. वाफ्यासमोर उभे राहिले. दांड्यावर हात ठेवला. माझी टाकी पाण्याने भरलेली होती, मी तयार होतो. दांडा काही खाली येईना.

माई वाट पाहत राहिली. तात्यांनी मला पाठीवरून उतरवलं, नळापाशी नेलं आणि माझी नळी सोडवायला घेतली.