माझ्या पाठीतलं भोक

मी प्लास्टिकचा सैनिक बोलतोय. उंची तुमच्या करंगळीएवढी. खेळणं म्हणून माझं कौतुक करायचं असेल, तर पुढं वाचू नका.

जन्मच दाबून झाला. वितळलेला हिरवा रस साच्यात रेटला, थंड केला, आणि मी बाहेर पडलो तो एक गुडघा टेकून, बंदूक रोखून. एका पिशवीत आम्ही शंभर. शत्रू कोण ते कारखान्यानं सांगितलं नव्हतं. ते विकत घेणाऱ्यानं ठरवायचं.

मला घेतलं कवळ्या बनवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं. तरुणपणी तो फौजेत होता. त्याच्या पलटणीनं एक टेकडी जिंकली होती, आणि पलटणीच्या संग्रहालयासाठी त्या विजयाचा देखावा बनव, असं त्याला जुन्या साहेबांनी सांगितलं होतं. "तुझा हात बारीक कामाचा आहे," म्हणाले.

बारीक काम काय असतं ते मला विचारा. पातं दिव्यावर तापवून त्यानं माझे दोन्ही हात खांद्यापासून उतरवले, बंदुकीसकट. कापल्या जागी तारेचे तुकडे खुपसले. कवळीच्या हिरड्यांसाठी वापरतात तो गुलाबी मसाला थापून नवे हात घडवले. वर केलेले, रिकामे. हिरव्या अंगावर ते कातडी सोलल्यासारखे दिसत. मग मला पालथं दाबून धरलं आणि कवळीचे दात कोरायच्या यंत्रानं पाठीत भोक पाडलं. अशी नऊ जणांची गत केली.

आमच्या मागं बंदूकवाले उभे केले. त्यांच्या चेहऱ्यांवरून मात्र कानस फिरवली. नाक, डोळे, सगळं सपाट.

"अहो, यांना तोंडं का नाहीत?" बायकोनं विचारलं.

"लांबून दिसत नाहीत."

"या नऊ जणांची बरी दिसतात."

त्यानं यंत्र सुरू केलं. यंत्र चालू असलं की नवऱ्याला ऐकू येत नाही, हे तिला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

साहेब काठी टेकत पाहायला आले. त्यांच्याच कवळीचा साचा फळीवर वाळत होता.

"यांचे हात वर का?"

"वर होते, साहेब."

"तिथं चकमक झाली. अहवालात आहे."

"अहवाल तुम्ही लिहिलात."

"आणि गोळ्या तू झाडल्यास." साहेब हळू बोलले. "बंदुका दे यांच्या हातात. आठ दिवस देतो."

"नाही जमणार."

साहेबांनी काठी उचलली. ते ओरडले नाहीत. मन लावून फोडत राहिले. टेकडी दुभंगली. माझ्या शेजाऱ्याचं डोकं उडून कवळ्यांच्या डब्यात पडलं. माझा डावा हात तारेसकट उपटला गेला. जमिनीवर पडलेल्या दोघांना त्यांनी बुटाच्या टाचेखाली घेतलं, आणि टाच फिरवली. "आता जमेल," म्हणाले आणि गेले.

माणसांची एक खोड मी पाहिली आहे. पराक्रम सांगायचा असला की 'मी केला' म्हणतात. खून सांगायचा असला की 'झालं' म्हणतात.

बायको खाली बसून तुकडे वेचत होती. "तुम्ही किती मारले?"

"तसं झालं की..."

"किती मारले, विचारलं."

"दोन."

"हात वर असताना?"

"हो. मी मारलं. पाठीत."

तिनं माझा तुटका हात टेबलावर ठेवला. "म्हणजे तोंड स्वतःचंच घासलंत," म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं एका सपाट चेहऱ्यावर मसाला चढवला. बाकदार नाक आलं, जाड भुवया आल्या. आरशात पाहून केलं ते काम. माझा तुटका हात परत बसवला, आणि त्या सैनिकाला माझ्या मागं उभं केलं. संग्रहालयाला काही गेलं नाही. आम्हा दोघांना त्यानं दुकानाच्या काचेत मांडलं, कवळ्यांच्या मधोमध. खाली चिठ्ठी: 'याचे हात वर होते. मी याला पाठीमागून मारलं.'

गिऱ्हाईक आटलं. कुणीतरी दारावर 'गद्दार' लिहून गेलं. सोमवारी दगड आला. म्हाताऱ्यानं काचा झाडल्या, रक्ताळलेल्या बोटांनी मला सरळ केलं.

आज एक म्हातारी आली, दात बसवायला. चिठ्ठी वाचून उंबऱ्यातच थांबली.

"तुझ्या हातचे दात मी तोंडात घालू?"

"तुमची मर्जी, मावशी."

ती खुर्चीत बसली, पण तोंड उघडेना. मग विचारलं, "मरताना काही बोलला होता का तो?"

"पाणी मागितलं."

"दिलंस?"

त्यानं हातातलं पातं खाली ठेवलं. "नाही."

वाचकहो, मला कुणाच्या कपाटात नेऊन ठेवू नका. इथं फुटक्या काचेत धूळ येते, गाडी गेली की मी थरथरतो, तरी इथंच बरा आहे. जाता-येता आत डोकावा आणि त्याला विचारा. जितक्यांदा कुणी विचारेल, तितक्यांदा त्यानं सांगावं. नऊपैकी अजून आठ जणांचं सांगायचं राहिलंय. माझे हात दुखत नाहीत. मी थांबेन.