सहा स्क्रूंचं कव्हर

“कोणी! ‘कोणी’ म्हणाला! यज्ञेश, ऊठ!”

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला आणि यज्ञेशने जीभ चावली. खरेदी खात्याचा मॅनेजर तो. बिचारा एवढंच म्हणाला होता, “पण तो स्वस्तातला सेन्सर पास केला कोणी?”

“चहा,” संघमित्रा तांबे हसत म्हणाली. “आलं घाला थोडं. आणि साखर नि मीठ तिथे सारख्याच डब्यांत आहेत, चाखून घाला.”

“मॅडम, हा नियम जरा जाचक आहे हं.”

“तुम्हीच हात वर करून पास केलाय तो.”

यज्ञेश कुरकुरत ओट्याकडे गेला. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या, पाकिटं भरायची मशीनं बनवणाऱ्या त्या कारखान्यात शनिवारी कॅन्टीन बंद असायचं. टेबलं भिंतीला लावून तिथेच संघमित्राचा वर्ग भरायचा. विषयाचं नाव भारदस्त होतं: इंजिनिअरिंग मॅनेजरांसाठी सर्जनशील समस्या-निवारण. घरी कांजूरमार्गला तिचा नवरा सुबोध त्याला ‘डोकं खाजवायचा क्लास’ म्हणायचा. “मोठी माणसं शिकत नाहीत गं,” तो म्हणायचा, “ती फक्त हजर राहतात.”

अगदी खोटं नव्हतं ते. पहिल्या शनिवारी तिने एका विटेचे जमतील तेवढे उपयोग सांगायला लावले, तर यज्ञेशने पहिला उपयोग सांगितला, “सप्लायरला परत पाठवता येते.” हसून हसून पुरेवाट झाली, पण त्याच दिवशी तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. ही सगळी हुशार माणसं, पण काही बिघडलं की आधी माणूस शोधतात. माणूस सापडला की त्यांना वाटतं, बिघाड सापडला. म्हणून तिने वर्गात तो शब्दच बंद करून टाकला. कोणी केलं, कोणाची चूक, कोणाच्या सहीने, काहीच विचारायचं नाही. जो विचारेल, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

सगळे या खेळात रमले होते. एक माणूस सोडून.

नंदकिशोर चौबळ मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. कारखान्याचे टेक्निकल जनरल मॅनेजर. इथलं जवळजवळ प्रत्येक मशीन त्यांच्या हाताखालून गेलेलं, आणि वर्गातला जवळजवळ प्रत्येक मॅनेजरही. ते कधीच ‘कोणी’ म्हणाले नव्हते. कारण ते वर्गात काही बोललेच नव्हते.

आज सकाळी जिन्यातच एचआरच्या अस्मिताने संघमित्राला गाठलं होतं. “मॅडम, कसं सांगू कळत नाही. चौबळ सर म्हणतात, आजचा वर्ग शेवटचा ठेवा. मसालेवाल्यांच्या मशीनची एवढी बोंब चालू आहे आणि हे काय खेळत बसलेत, असं म्हणाले.”

संघमित्रा “बरं” म्हणाली आणि जिना चढली. दुसरं म्हणणार तरी काय? चोवीस वर्षं तिने एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात काढली होती. कंपनी गुजरातला गेली, ती गेली नाही. पन्नाशीला टेकलेल्या डिप्लोमावालीला नवी नोकरी मिळेना, तेव्हा तिने लायब्ररीतून पुस्तकं आणून, रात्री व्हिडिओ बघून, हे शिकवण्याचं काम स्वतःच स्वतःला शिकवलं. कोणतंही सर्टिफिकेट नाही, की मागे कॉलेजचं नाव नाही. या कारखान्याने पहिल्यांदा तिच्यावर विश्वास टाकला होता. हाही वर्ग गेला, तर घाटकोपरच्या एका क्लासच्या काउंटरवर बसायचं, हे घरात जवळपास ठरलंच होतं. काउंटरवर बसण्यात कमीपणा काहीच नव्हता. पण मग आपण जे शिकलो ते खरं होतं की नुसतीच हौस, हे तिला कधीच कळलं नसतं.

चहा आला. तिने दोन घोट घेतले आणि फळ्याकडे वळली. आज ठरवलेला धडा तिने पिशवीतच राहू दिला.

“आज मसालेवाल्यांचं मशीन घेऊ या. वजन चुकतंय, बरोबर?”

सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या, चौबळांकडे.

“तो प्रॉब्लेम सापडलेला आहे, मॅडम,” चौबळ पहिल्यांदाच बोलले. आवाज शांत होता, पण सगळी खोली सावरून बसली. “मशीन मसाला तोलून पाकिटात भरतं. तोलायच्या वाटीला वारा लागला की काटा हलतो. म्हणून तिच्यावर कव्हर आहे. तिथल्या बायका कव्हर काढून ठेवतात. श्रुतिका कितीदा जाऊन आली, दर वेळी तेच.”

सर्व्हिस बघणाऱ्या श्रुतिकाने मान हलवली. तिकडे जाऊन गिऱ्हाइकाच्या शिव्या खायच्या आणि इकडे येऊन सरांच्या, हे तिचं गेल्या काही महिन्यांचं वेळापत्रक होतं.

“म्हणजे सापडला,” संघमित्रा म्हणाली. “सुटला का?”

“त्यांनी कव्हर लावलं की सुटेल.”

“का लावत नाहीत?”

“शिस्त नाही.” चौबळांनी खांदे उडवले. “मी स्वतः डिझाइन केलंय ते. सहा स्क्रू. त्यात न समजण्यासारखं काय आहे?”

एखाद्या शहाण्या बाईने इथे विषय बदलला असता. पण आजचा शेवटचाच म्हटल्यावर संघमित्राला एक प्रकारची मोकळीक वाटत होती.

“मग सर, खाली जाऊ या. तसलंच मशीन आहे ना टेस्टिंगला? तुम्ही ऑपरेटर व्हा. ते कसं वापरायचं, ते आम्हाला दाखवा.”

यज्ञेशचा चहा ओठांशीच थांबला. चौबळांनी तिच्याकडे एकवार नीट बघितलं. मग उठले आणि बाह्या दुमडत म्हणाले, “चला. पाच मिनिटांत संपवू.”

खाली मशीनजवळ गिऱ्हाइकाने नमुन्याला पाठवलेलं मिरचीपुडीचं पोतं होतं. अस्मिताने कुठूनतरी ॲप्रन आणि डोक्याला घालायची टोपी आणली. टोपी घातलेले चौबळ बघून दोघा-तिघांना जोराचा खोकला आला.

“श्रुतिका, तू तिथली सुपरवायझर,” संघमित्रा म्हणाली. “तू ऐकलंयस ते कसे बोलतात. तसंच बोलायचं.”

“सरांना?”

“सरांना नाही गं. ऑपरेटरला.”

मशीन सुरू झालं. पाकिटं पडू लागली. थोड्याच वेळात दमट पूड वाटीला चिकटून बसली आणि लाल दिवा लागला. चौबळांनी ॲलन की घेतली, सहा स्क्रू काढून ओळीने रुमालावर ठेवले, वाटी पुसली, कव्हर बसवलं, सहाच्या सहा स्क्रू पिळले. “बघा,” ते म्हणाले.

“ओ ताई, बघा काय?” श्रुतिका ओरडली. “लाइन खडी है! हात चालवा!”

सगळे दचकले. चौबळही. पण पाकिटं पडत होती. पुन्हा लाल दिवा. या वेळी एक स्क्रू निसटून मशीनखाली गेला. जनरल मॅनेजर गुडघ्यांवर बसून हात घालून शोधू लागले.

“खेळताय काय खाली? अजून कालचा माल बाकी आहे!” श्रुतिकाचा गळा आता चांगलाच मोकळा झाला होता. “घरी जायचंय ना?”

मिरचीचा खकाणा उडाला. चौबळांच्या डोळ्यांतून पाणी आलं, सटासट शिंका आल्या. “अरे, तो पंखा लावा आधी!” ते ओरडले. यज्ञेशने उभा पंखा त्यांच्याकडे वळवला.

तिसऱ्या वेळी त्यांनी दोनच स्क्रू लावले. चौथ्या वेळी कव्हर काढलं, पोत्याला टेकवून उभं केलं, वाटी पुसली आणि बटण दाबलं.

पन्नास ग्रॅमचा आकडा नाचू लागला. त्रेपन्न. सत्तेचाळीस. पंचावन्न.

श्रुतिका ओरडायची थांबली. सगळ्यांच्या जिभेवर ‘कोणी’ हा एकच शब्द होता, आणि एकानेही तो उच्चारला नाही. नुसता पंखा फिरत होता. चौबळांनी आकड्याकडे बघितलं, मग उघड्या वाटीकडे, मग पोत्याला टेकवलेल्या कव्हराकडे. ते तिथे आपणच ठेवलं, हे त्यांना तेव्हा कळलं.

“मी...” ते म्हणाले, “आत्ता लावणारच होतो.”

“त्यासुद्धा हेच म्हणतात, सर,” श्रुतिका हळूच म्हणाली.

संघमित्राकडे अशा प्रसंगासाठी पाठ केलेलं बरंच काही होतं. त्यातलं तिने काहीच वापरलं नाही. खिशातला मार्कर काढला, रिकामं खोकं पुढे ओढलं आणि विचारलं, “सर, आता प्रश्न काय लिहू?”

चौबळांनी डोक्यावरची टोपी काढली. डोळे पुसले. ते मिरचीमुळेच असणार. मग म्हणाले, “लिहा. रोज इतक्या वेळा उघडायच्या वस्तूला सहा स्क्रू का आहेत?”

त्यानंतर जी धमाल उडाली, ती संघमित्राला आवरायची नव्हतीच. एकाने बिजागरी सुचवली. दुसरा म्हणाला, सरकतं दार करा. यज्ञेश म्हणाला, “फ्रिजला कसं असतं, नुसतं ढकललं की चिकटतं!” आणि स्वतःच्याच कल्पनेने एवढा खूश झाला की जेवायचं विसरला. खुद्द चौबळ जमिनीवर मांडी घालून खोक्याचा पुठ्ठा कापायला बसले. अस्मिताने नोटीस बोर्डावरची लोहचुंबकं काढून आणली, त्यामुळे सुट्ट्यांची यादी खाली पडली ती पडलीच. जेवणाचे डबे उघडायच्या आत पुठ्ठ्याचं एक वेडंवाकडं, चिकटपट्ट्यांनी सजलेलं कव्हर मशीनवर बसलं.

श्रुतिकाने ॲप्रन चढवला. “आता तुम्ही ओरडा, सर.”

“ओ ताई,” चौबळ गरजले, “हात चालवा!”

तिने एका हाताने कव्हर उघडलं, दुसऱ्याने वाटी पुसली, कोपराने ढकललं. टक. पंखा जोरात. आकडा पन्नास. पुन्हा उघडलं, पुसलं, टक. पन्नास. पुन्हा. पन्नास.

“झकास!” यज्ञेशने आरोळी ठोकली आणि मग सगळेच ओरडले. शेजारच्या गाळ्यातली माणसं काय झालं म्हणून दारात आली. आतली पोक्त, चाळशी लागलेली माणसं एका पुठ्ठ्याभोवती टाळ्या पिटत होती.

संघमित्रा एका बाजूला उभी होती. हौस नव्हती ती, एवढंच तिच्या मनात आलं. मग तिने पर्स उचलली. निरोप तर घ्यायला हवा होता.

“येते, सर. आजचा शेवटचा होता, तो चांगला झाला.”

“शेवटचा?” चौबळांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “शेवटचा असं कोण म्हणालं?”

अख्खा वर्ग, अस्मितासकट, जिवाच्या आकांताने ओरडला, “सर! ‘कोण’!”

चौबळांनी एकेकाकडे बघितलं. काय झालं ते त्यांना कळलं, आणि आता चहाची पाळी आपली, हेही कळलं. ते मोठ्याने हसले. त्यांना इतकं मोठ्याने हसताना त्या कारखान्याने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. “पुढच्या शनिवारी डिझाइनची सगळी पोरं आणतो,” ते संघमित्राला म्हणाले. “बसा. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.”

चहा त्यांनी स्वतः केला, ट्रे स्वतः धरला, प्रत्येकाला कप स्वतः दिला. सगळ्यांनी एकदम घोट घेतला.

आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

चहा खारट होता. खारट म्हणजे समुद्राशी नातं सांगणारा. श्रुतिकाने पापण्या घट्ट मिटल्या. अस्मिता छताकडे बघू लागली. चौबळ उत्सुकतेने एकेका चेहऱ्याकडे बघत होते. यज्ञेशने घोट गिळला, कप खाली ठेवला आणि घसा खाकरला.

“मला एक सांगा,” तो म्हणाला, “आपल्याकडे साखरेचा आणि मिठाचा डबा सारखाच का आहे?”

चौबळांनी स्वतःच्या कपातला घोट घेतला. थांबले. मग संघमित्रापुढे हात केला.

“मॅडम, तो मार्कर द्या जरा.”

तिने दिला. ते ओट्याकडे गेले, आणि जमेल तेवढ्या मोठ्या, सुबक अक्षरात पहिल्या डब्यावर लिहू लागले. संघमित्राने आपला कप उचलला आणि तो खारट चहा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.