धायरीचा तबला, कर्वेनगरची पेटी

धायरीच्या चर्चमध्ये एलिशाभाऊ पाटोळे तबला वाजवत आणि रूबेन उमाप पेटी. तारण कुणाचं होणार, हे देवानं जग घडवण्याआधीच ठरवलंय, असं एलिशाभाऊ म्हणाले. माणूस आपल्या मर्जीनं देवाकडे येतो, असं रूबेन म्हणाला. एवढ्यावरून ख्रिस्ती प्रेमानं ओथंबलेली मंडळी दुभंगली आणि पेटी कर्वेनगरला गेली. मग नुसत्या तबल्यावर धायरीकर असे गाऊ लागले, की तिथली कुत्रीसुद्धा दर रविवारी कर्वेनगरच्या उपासनेला जात.

आज एलिशाभाऊंच्या नातीचं लग्न होतं. असल्या गाण्यात पोरीला उभं करायचं, या विचारानंच त्यांना धडकी भरली होती. पत्रिका नातीनं रूबेनला दिली होती. ‘पेटी आण’ म्हणायला आजोबांचं तत्त्व आड आलं होतं. सकाळपासून ते चर्चच्या फाटकाशीच उभे होते.

अखेर रिक्षातून आधी पेटी उतरली, मग रूबेन.

“तू येणार हे ठरलेलंच होतं,” एलिशाभाऊ म्हणाले.

“मग आत निवांत बसायचं. उन्हात कशाला ताटकळलात?”

एलिशाभाऊंनी आत जाऊन तबल्याची हातोडी उचलली. “सूर दे. तुझ्या मर्जीनं, कुठलाही.”

“काळी पाच,” भाता उघडत रूबेन म्हणाला. “आपली पट्टी आधीपासून ठरलेलीच आहे, भाऊ.”