मला उचलणार कोण?

नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मित्रांनो. मी दवाखान्यातला जुना बेडपॅन आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगाखाली शौच-लघवीसाठी जे भांडं सरकवतात, तो मी. पांढरा मुलामा, निळी कड, एका बाजूला टवका उडालेला. झालं मुरडून? मग आता ऐका. माझ्या पोटात फार दिवसांचा राग आहे.

लोखंडी पत्रा ठोकून मला घडवलं आणि भट्टीत घालून वर मुलामा चढवला. त्याच भट्टीतून माझ्यासोबत ताटं निघाली, वाट्या निघाल्या. ती सगळी घरोघरच्या फडताळांत जाऊन बसली. मी आलो वर्ध्याच्या एका दवाखान्यात. देश स्वतंत्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती.

तिथं सुमती नावाची तरुण नर्स होती. थंडीच्या दिवसांत गार पत्रा रोग्याच्या अंगाला लागू नये म्हणून ती मला आधी कोमट पाण्यानं धुवायची आणि मगच द्यायची. रोगी बाया तिला तोंडभर आशीर्वाद देत. त्याच बाया बऱ्या होऊन घरी निघाल्या की कुजबुजत, "चांगल्या घरची पोरगी हाय, पन काम पाहा कसं करते!" सुमतीचे वडील कचेरीत कारकून होते. मुलगी काय करते असं कोणी विचारलं की ते म्हणत, "सरकारी नोकरीत आहे," आणि लगेच विषय बदलत. अहो, लाज कसली त्यात?

एका चैत्रात समुद्रपूरच्या यशोदाबाई दवाखान्यात आल्या. अंगणात पाय घसरून त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं. त्यांचा मुलगा महादेवराव किराणा दुकानदार, गावात मानाचा माणूस. काही दिवसांनी त्यानं आईला घरी न्यायचं ठरवलं. सुमतीनं मला त्यांच्यासोबत दिलं आणि बजावलं, "आजींना हलता येणार नाही. मागतील तेव्हा लगेच हे भांडं द्या, धुऊन पलंगाखालीच ठेवा. आणि उन्हाळा आहे, पाणी भरपूर पाजा." महादेवरावानं मान डोलावली.

घरी पोचताच मला परसात, आजींच्या खिडकीसमोरच्या लिंबाच्या झाडाखाली टाकलं. मला हात लावला तर आंघोळ करावी लागे, आणि महादेवरावाची बायको शोभाबाई सोवळ्यात स्वयंपाक करणारी. मला उचलायचं काम सफाईवाल्या बुधियाबाईचं, असं ठरलं. ती बिचारी गावभराची घाण काढून मागच्या दारानं सकाळी एकदा यायची. एकदा! आणि दिवसभराचं काय? म्हातारं शरीर काय घड्याळ लावून चालतं?

सेवा मात्र दणक्यात चालली होती बरं! दूध, तूप, तळव्यांना तेल, संध्याकाळी पोथी. शेजारीपाजारी म्हणत, "सून असावी तर अशी!" मी परसात उन्हात तापत हे ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, कोणी त्या बाईच्या पलंगाखाली पाहता का?

वैशाखात सुमती देवीची लस टोचायला सरकारी मोटारीनं समुद्रपूरला आली आणि आठवणीनं यशोदाबाईंना भेटायला वळली. त्यांची जीभ कोरडीठाक, डोळे खोल गेलेले.

"आजी, पाणी पीत नाही का हो?"

यशोदाबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, पानी पेलं का मंग भांडं लागते. ते कोन उचलन? सुनेले कसं म्हनू? म्हून मी तोंड ओलं करतो अन् पडून राह्यतो."

सुमती ताडकन उठली. परसातून मला उचलून आणलं, धुतलं, आजींना पोटभर पाणी पाजलं आणि मला त्यांच्याजवळ ठेवलं. मग महादेवरावाला स्पष्टच म्हणाली, "तुमची आई तहानेनं मरेल."

"आमी काय कमी करून राह्यलो का बाई?" महादेवराव चिडला. "दूध हाय, तूप हाय. आता हेबी सुनेनं करावं का?"

"हो. किंवा मुलानं."

सुमती गेली आणि ती बसली होती तिथं गोमूत्र शिंपडलं गेलं. मला काठीनं ढकलत पुन्हा लिंबाखाली नेलं. पाहिलंत? काठीनं!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आजींनी हाक मारली, "शोभा, जरा ते..." शोभाबाई परसात आली. माझ्यापाशी वाकली, हात पुढे केला. खरं सांगतो, मला वाटलं, उचललं हिनं! तेवढ्यात शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, "काऊन वो, आज सैपाक नाई का?" हात मागे गेला. आजींनी त्यानंतर हाकही मारली नाही आणि पाणीही मागितलं नाही.

त्यांना ताप भरला, त्या बरळू लागल्या. डॉक्टर येईपर्यंत वेळ निघून गेली. शेवटी देवघरातला काशीहून आणलेला गंगाजलाचा बंद गडू फोडला. मुलगा, सून, शेजारीपाजारी, सगळ्यांनी रांगेनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं. तेव्हा कोणाचाही हात आखडला नाही! ते पाणी ओठांवरून ओघळून उशीत गेलं. आणि लोक म्हणाले, "महादेवरावानं मायची लय सेवा केली."

तेरावं उरकल्यावर सुमती मला न्यायला आली. शोभाबाई परसातून मला घेऊन आली. राखेनं लखलखीत घासलेला, दोन्ही हातांत धरलेला. तिचा पदर ओला होता.

"मीच घासलं, बाई," ती म्हणाली. मला सुमतीच्या हाती देऊन तिनं आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि तिला रडू कोसळलं. "हाताले काईच झालं नाई वो. काईच नाई झालं."

 

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल तर दूध-तुपाचं मग पाहा. आधी त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा, आणि मला पलंगाखाली. त्यांनी हाक मारण्याआधी तुम्हीच विचारा. लाजेपायी ते मागणार नाहीत, आणि तुम्ही मात्र समजाल की त्यांना तहानच नाही.