खणातलं ‘नको’

ऑटिझम असलेल्या सहा मुलांच्या त्या वर्गात बोलायचं बरंचसं काम चित्रांकडे होतं. भिंतीवर दिवसाची पट्टी: गाणं, टेबलकाम, खाऊ, झोका, घर. एक गोष्ट संपली की तिचं कार्ड उपटून ‘झालं’च्या डब्यात टाकायचं. शिवाय प्रत्येकाची चित्रांची वही, एक शाळेत, एक घरी. पाणी हवं तर पाण्याचं कार्ड समोरच्याच्या हातात द्यायचं. सगळी कार्डं बाईंनी स्वतः कापलेली, लॅमिनेट केलेली. त्यांबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं त्यांना खपत नसे.

वर्गातली राणीसरकार सात वर्षांची. शब्द एक नाही, पण मर्जी सांभाळताना सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे, म्हणून हे नाव. गेल्या तीन आठवड्यांत ती बाईंना चारदा कडकडून चावली होती. मुख्याध्यापिकांनी निक्षून सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर तिला घरी ठेवा. ते ऐकून तिच्या आईचा चेहराच पडला.

“घरी ठेवलं तर मला नोकरी सोडावी लागेल, बाई,” ती म्हणाली. “आणि ही पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल. दोन वर्षं गेली ते सोडवायला.”

चावणं व्हायचं ते नेमकं बाईंच्या टेबलापाशी. पोरगी येऊन खण ओढायची, बाई हात आडवा घालायच्या, की लागलेच दात. खणात बिस्किटांचा पुडा असे. बाईंनी मोठ्या हौसेने बिस्किटाचं नवं कार्ड करून दिलं. राणीसरकारांनी ते भिरकावून दिलं.

शुक्रवारी गाणं संपलं आणि ती पुन्हा टेबलाशी आली. बाई नोंदवही काढायला खण उघडतच होत्या. त्यांनी चटकन मनगट मागे घेतलं. खण उघडाच राहिला. पोरीने पुडा बाजूला सारला, नोंदवहीखाली हात घातला आणि एक कार्ड बाहेर काढलं. उघडा तळवा, त्यावर लाल फुली. ते तिने बाईंच्या हातात ठेवलं आणि शांत उभी राहिली.

‘नको’चं कार्ड होतं ते.

महिन्यापूर्वी बाईंनीच ते शिकवलं होतं. पठ्ठीने एका सकाळी चौदा वेळा ‘नको’ दिलं, आणि त्यातलं पहिलं बाईंच्या गाण्याला. गाणं बाईंनी स्वतः रचलेलं, चालही त्यांचीच. ते त्यांना चांगलंच झोंबलं. ‘सगळ्यालाच नको म्हणायला लागली तर शिकवायचं काय, कपाळ?’ असं मदतनीस ताईंना म्हणून त्यांनी कार्ड वहीतून काढलं आणि खणात टाकलं. ते पोरीने पाहिलं होतं. बाई मात्र साफ विसरल्या होत्या.

त्यांनी नोंदवही उघडली. पहिला चावा कार्ड काढल्यानंतर दोनच दिवसांनी. वीस वर्षांची नोकरी, पण एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

मधल्या सुट्टीत त्या स्वतःच मुख्याध्यापिकांकडे गेल्या आणि हातचं न राखता सगळं सांगितलं. मुख्याध्यापिकांनी तारखा ताडून पाहिल्या.

“सोमवारी येऊ दे तिला,” त्या म्हणाल्या. “आणि बाई, तुमचं ते गाणं जरा आवरा.”

एक वाजता आई आली ती मोठी पिशवी घेऊनच, लेकीचे जादा कपडे न्यायला. बाईंनी तिला दारातच गाठलं.

“पिशवी राहू द्या. सोमवारी पाठवा हिला. चूक माझी होती. ‘नको’ मी काढून घेतलं होतं.”

“घरच्या वहीतलंही काढा, असं तुम्हीच म्हणाला होतात,” आई म्हणाली. “मी काढलं. म्हणजे इतके दिवस माझ्या पोरीला कुठेच नको म्हणता येत नव्हतं.”

आईने पर्स उघडून तळाशी ठेवलेलं घरचं कार्ड काढलं आणि लेकीच्या हातात दिलं. मग रोजच्यासारखी तिचा पापा घ्यायला वाकली.

लेकीने ते कार्ड आईच्या हातात ठेवलं.

आई तिथेच थांबली. डोळे भरून आले होते आणि हसूही फुटलं होतं.

“बरं बाई,” ती म्हणाली, “नाही घेत.”